शाप कुणाच्या तोंडी?

जबलपूरहून भेडाघाटचे संगमरवरी कडे पाहायला येणारे लोक जाता जाता टेकडीवरचं चौसष्ट योगिनींचं मंदिरही पाहतात. कलचुरी राजवटीतलं, दहाव्या शतकाच्या सुमाराचं हे गोल मंदिर. नावात चौसष्ट असले तरी कोनाडे एक्याऐंशी आहेत आणि सगळ्यांची तोंडं आतल्या उघड्या अंगणाकडे. मूर्ती फार भंगल्या आहेत, तरी कित्येकींच्या बैठकीवर कोरलेली नावं अजून वाचता येतात. कुणी उग्र आहे, कुणाला जनावराचं तोंड आहे, कुणी कामदा आहे. यांतली एकही आपण चांगल्या आहोत हे पटवून देण्याच्या खटपटीत नाही. पाहणाऱ्याने भ्यावं की हात जोडावेत, हे तिने त्याच्यावर सोडलं आहे.

पुराणातल्या स्त्रिया नव्याने लिहिणाऱ्या आजच्या कादंबऱ्यांत मला नेमकी हीच बेफिकिरी सापडत नाही. प्रतिभा राय यांची ओडियातली ‘याज्ञसेनी’ १९८४ची. चित्रा बॅनर्जी दिवाकरुणींची ‘द पॅलेस ऑफ इल्यूजन्स’ २००८मध्ये आली आणि इंग्रजीत या प्रकाराला मोठा वाचकवर्ग मिळाला. मग उर्मिला, शूर्पणखा, कैकेयी, एकेक जण ‘मी’ म्हणून बोलू लागली. हे बोलणं फार गरजेचं होतं. पण पुस्तकामागून पुस्तक वाचताना लक्षात येतं की नायिका बोलते ती आरोपीच्या पिंजऱ्यातून, आणि कादंबरी तिचं वकीलपत्र घेऊन उभी असते.

पुण्याच्या कविता काणे यांची ‘कर्णाज वाइफ’ (२०१३) घ्या. त्यांनी कल्पिलेली उरुवी धीट आहे. द्रौपदीच्या अपमानाबद्दल ती कर्णाला जाब विचारते. तरी पुस्तकाच्या नावापासून तिची ओळख नवऱ्यावरून ठरते आणि प्रश्नांचा रोखही त्याच्यावरच राहतो. शिवाजी सावंतांनी १९६७मध्ये ‘मृत्युंजय’त कर्णपत्नी वृषालीला स्वतंत्र प्रकरण दिलं होतं. तिच्याही बोलण्याचा विषय कर्णच. एवढ्या वर्षांत आवाज चढला, पण कथेचा मध्य जागचा हलला नाही.

वैष्णवी पटेल यांची ‘कैकेयी’ (२०२२) मात्र या प्रकारातली खरी अद्भुत कादंबरी. देव या मुलीचं ऐकत नाहीत, तेव्हा तिला एका जुन्या पोथीतून वेगळीच विद्या गवसते: माणसामाणसांतली नाती धाग्यांसारखी दिसू लागतात आणि ते धागे ओढून मनं वळवता येतात. अंतःपुरातल्या बाईची सत्ता कशी चालत असेल याचं इतकं नेमकं रूप मी दुसरीकडे वाचलेलं नाही. पण वनवासाचा प्रसंग आला की लेखिका बिचकते. कैकेयीने हे सद्हेतूनेच केलं हे पटवण्यात कादंबरीची बरीच ताकद खर्च होते. अन्याय करणारी आणि तरीही समजून घ्यावीशी वाटणारी बाई हातात आलेली असते, ती निसटते.

मराठीत ही भीड इरावती कर्व्यांनी कधीच मोडली. त्यांचं महाभारतावरचं ‘युगान्त’ १९६७चं, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांनी चमत्कार बाजूला सारले आणि द्रौपदीचंही चुकलं असं लिहिलं. भर द्यूतसभेत कायद्याचा प्रश्न विचारणं ही तिची मोठी चूक, असं त्यांचं मत. मला ते पटत नाही. त्या प्रश्नाने सभा निरुत्तर झाली हेच मला मोठं वाटतं. पण चूक करण्याचा हक्क द्रौपदीला देणारं ते पुस्तक आजच्या कैक गौरवकथांपेक्षा तिला जास्त मान देतं.

मात्र चमत्कार सारून टाकण्यात एक गोष्ट हरवते. महाकाव्यांच्या जगात शाप आणि वर हेच कायदे आहेत. ते कुणाच्या तोंडी आहेत यावर बाईचं नशीब ठरतं. अहल्येला शाप मिळतो; गांधारी शाप देते, आणि यादवकुळाचा नाश होतो. अद्भुत कादंबरीला हा कायदाच पालटता येतो, ते चरित्रपर कादंबरीला जमणार नाही. लोककथांनी ते पूर्वीच केलं आहे. जबलपूरच्या परिसरात सांगतात की वाग्दत्त शोण नद जोहिला नदीकडे वळला, तेव्हा नर्मदेने लग्न मोडलं, तोंड फिरवलं आणि ती पश्चिमेला निघाली. तिच्या रागाने भूगोल ठरला. तिला कुणी समजूतदार व्हायला सांगत नाही. लोक तिची परिक्रमा करतात.

यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यातल्या रावेरीला सीतेचं मंदिर आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने त्याचा जीर्णोद्धार केला. बायकांच्या नावे जमीन करायला लावणारी लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली तीही याच संघटनेने. तिथली कथा अशी की टाकून दिलेली सीता लव-कुशांना घेऊन आली, तिने गहू मागितले, गावाने नाकारले; तिने शाप दिला आणि गावात गहू पिकेनासा झाला. अग्निपरीक्षा देणाऱ्या सीतेहून ही सीता कितीतरी वेगळी, आणि तिची मराठी कादंबरी व्हावी असं मला मनापासून वाटतं. पण ती वकिली न करता लिहावी लागेल. कारण शाप लागला तो अख्ख्या शिवाराला. दाराआड उभ्या असलेल्या, कोठीची किल्ली हाती नसलेल्या बायकांच्या पोरांच्या ताटातूनही त्या शापाने पोळी गेली.