चिंपांझींची हाक आणि ‘संस्कृती’चा दावा

कॅथरिन क्रॉकफर्ड व सहकाऱ्यांनी २००४ साली आयव्हरी कोस्टमधील ताई अरण्यातील नर चिंपांझींच्या ‘पँट-हूट’ या दीर्घ हाकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शेजारच्या टोळ्यांच्या हाका परस्परांहून भिन्न, दूरच्या टोळीशी मात्र तसा स्पष्ट भेद नाही, हे त्याचे मर्मस्थान होय. आनुवंशिकता कारण असती, तर अंतरागणिक भेद वाढावयास हवा होता. युक्तिवाद देखणा आहे. परंतु अन्य कारणे वगळली म्हणजे ‘संस्कृती’ सिद्ध होत नाही. हाक कोणाकडून उचलली गेली, हे त्यातून कळत नाही. शिवाय टोळीमागे मोजकेच नर असता टोळीची ढब कोणती आणि व्यक्तीचा कंठ कोणता, हे निवडणे दुष्कर. २०२२ मध्ये टांझानियातील गोंबे व युगांडातील कन्यावारा येथील हाकांच्या विश्लेषणात व्यक्तिभेद ठळक, गटभेद मात्र क्षीण आढळला.