चिमट्याआधीचे तीन पैसे

प्रेमचंदांची 'ईदगाह' (1933) आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेली असते. चार-पाच वर्षांचा पोरका हामिद ईदच्या जत्रेत मिठाई आणि खेळणी सोडून दादीसाठी लोखंडी चिमटा घेतो, कारण तव्यावरची पोळी काढताना तिची बोटे भाजतात. 'त्यागाची कथा' असा शिक्का मारून आपण मोकळे होतो. आम्हांला वाटते, या घाईत कथेतला पहिला त्याग नजरेआड होतो.

तो अमीनाचा आहे. शिलाईचे आठ आणे तिने ईदसाठी जपून ठेवले होते. ऐनवेळी गवळण पैशांसाठी अडून बसली. ते दूधही हामिदसाठीच. उरले दोन आणे, म्हणजे आठ पैसे. तीन हामिदच्या खिशात, पाच तिच्या बटव्यात. त्या पाचांत शेवया व्हायच्या, आणि सणाला दारी येणाऱ्या धोबीण, न्हावीण यांनाही विन्मुख पाठवायचे नाही. चिमट्यावर खर्च झाले ते हे तीन पैसे. दादीने दिलेलेच दादीकडे परत आले.

म्हणूनच अमीना आधी संतापते. पोराने काही खावे, इतर मुलांसारखी त्याचीही ईद व्हावी, म्हणून तिने ते पैसे दिले होते. हा दुपारपर्यंत उपाशी राहून चिमटा घेऊन आला! एकाच्या त्यागाने दुसऱ्याचा त्याग निष्फळ केला. ओ. हेन्रीच्या 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' (1905) या कथेतही असेच घडते. नवऱ्याच्या घड्याळाच्या साखळीसाठी बायको केस विकते, तिच्या केसांतल्या कंगव्यांसाठी नवरा घड्याळ विकतो. पण तिथे दोघेही जाणते आहेत आणि वस्तू निरुपयोगी ठरतात. इथे चिमटा रोज चुलीपाशी लागणार आहे, आणि देणारा लहान पोर आहे.

हे पोर संत नाही, हे प्रेमचंदांचे मोठे यश. मोहसिन रेवडी पुढे करून स्वतःच्या तोंडात टाकतो, ते हामिदला झोंबते. दादी दुआ देईल, कौतुक करील, असा हिशोबही तो मनात करतो. चिमटा खांद्यावर टाकून तो बंदूक करतो आणि वादात सगळ्यांच्या खेळण्यांना हरवतो. त्यालाही खेळायचे होतेच. शेवटी मात्र लेखक दादीच्या अश्रूंचा अर्थ स्वतःच सांगू लागतो. तिथे थोडे कमी बोलले असते तर बरे झाले असते. तरी त्या अश्रूंचे मर्म हामिदला कळत नाही, एवढे तो राखतो.

आमची तक्रार कथेबद्दल नाही, तिच्या वापराबद्दल आहे. 'हामिदसारखे व्हा' असे मुलांना सांगितले जाते. घरात थोरल्या मुलीने भावासाठी शाळा सोडावी, आईने मागे उरेल ते खावे, यालाही आपण त्यागच म्हणतो. ईसार म्हणजे स्वतःला गरज असताना दुसऱ्याला पुढे करणे. पण ते आपखुशीने. ज्याच्याकडे सर्वांत कमी आहे त्याच्याकडूनच ते वसूल होऊ लागले, की त्याला ईसार म्हणता येत नाही. अमीनाने चिमटा मागितला नव्हता. मागितला असता, तर ही कथा एका उपाशी पोराची उरली असती.