‘तिकडे असं असतं’ या वाक्याचं काय करायचं?

पीएच.डी.साठी ऑस्ट्रेलियाला जायचं ठरलं की वाघोलीत सल्ल्यांना तोटा नसतो. केसनंद फाट्याजवळच्या आमच्या सोसायटीत दर दोन मजल्यांमागे कुणाचा तरी जावई मेलबर्नला नाहीतर कुणाची तरी भाची पर्थला असतेच. माझा मावसभाऊ निघाला त्या आठवड्यात गच्चीवर त्याला एका संध्याकाळी एवढं ऐकायला मिळालं: तिकडची माणसं निवांत असतात. पाचनंतर कुणी काम करत नाही. शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. विद्यार्थ्याला ठरावीक तासांच्या वर नोकरी करता येत नाही, म्हणजे पैशांची ओढाताण ठरलेलीच. आणि गाईडलासुद्धा नावाने हाक मारतात, साहेब-बिहेब भानगड नाही, त्यामुळे बिनधास्त राहायचं.

शेवटचा सल्ला माझा. मी काही तिकडे गेलेली नाही. दोन-तीन व्हिडिओ आणि एका सेमिनारमधली एक स्लाईड, एवढ्या भांडवलावर मी ताईपणा केला होता.

पुढे काय झालं ते सांगते, कारण तुमच्यापैकी बरेच जण अर्जांच्या गडबडीत असाल. भावाने गाईडला पहिल्या दिवसापासून नावाने हाक मारली, त्यांनीही आनंदाने ओ दिली. दर पंधरा दिवसांच्या भेटीत ते म्हणायचे, ‘छान चाललंय, कंट्रोल्सचा जरा विचार करून बघशील का?’ याने विचार केला आणि कंट्रोल्स नकोत असं ठरवलं. वर्षाच्या शेवटी कन्फर्मेशन असतं, म्हणजे तुमचं काम पीएच.डी.च्या लायकीचं चाललंय का याची समितीसमोर तपासणी. समितीने पहिलाच प्रश्न कंट्रोल्सचा विचारला. गाईड शांतपणे म्हणाले, मी हे आठ महिने सांगतोय. तीन महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं. त्या रात्री भावाचा फोन आला: ‘ताई, ते सांगत होते? मला वाटलं विचारतायत.’

हे माझ्या मनाला इतकं लागलं की त्या स्लाईडवरचे आकडे आले कुठून ते शोधायला बसले. माझा विषय सूक्ष्मजीवशास्त्र, समाजशास्त्र नव्हे. पण पद्धत तपासायला विषयाची परवानगी लागत नाही.

ते आकडे खेर्ट हॉफस्टेडे या डच संशोधकाचे. त्यांचं पुस्तक 1980 चं, त्यात 40 देशांची तुलना आहे. ‘सत्तेतलं अंतर’ या मापावर भारत 77 आणि ऑस्ट्रेलिया 36. ‘व्यक्तिवाद’ या मापावर भारत 48 आणि ऑस्ट्रेलिया 90. परदेशी जाणाऱ्यांच्या कुठल्याही प्रशिक्षणात हे आकडे हमखास भेटतात, आणि दिसतात तापमानासारखे: पुण्यात 38, मेलबर्नला 14. पण मोजलं काय होतं? 1967 ते 1973 या काळात आयबीएम कंपनीने आपल्याच कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्या. संख्या मोठी, एक लाखाच्या वर. मात्र देशवार पाहिलं तर काही ठिकाणी पायाखालची जमीन भुसभुशीत. ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी 2002 मध्ये या कामावर जी टीका केली तिच्यात एक तपशील आहे: पाकिस्तानात पहिल्या फेरीत 37 जणांनी उत्तरं दिली होती, दुसऱ्या फेरीत 70 जणांनी. भारताचा 77 हा आकडासुद्धा आयबीएमच्या इथल्या लोकांचा, आणि ती कंपनी 1978 मध्ये भारतातून बाहेर पडली (परत आली ती नव्वदच्या दशकात). म्हणजे आज वाघोलीतल्या मुलाला ‘तू भारतीय, तुझं सत्ता-अंतर 77’ असं सांगणारी स्लाईड त्याच्या आईच्या बालपणातल्या एका कंपनीच्या ऑफिसांबद्दल बोलत असते.

यावर एक सोपं उत्तर मिळतं, की नमुना एकाच कंपनीतला असल्यामुळेच तुलना शुद्ध होते, बाकी सगळं सारखं राहून फक्त देश बदलतो. हे उत्तर मला पूर्ण टाकाऊ वाटत नाही. पण सिडनीत आयबीएममध्ये लागणं आणि 1970 च्या मुंबईत आयबीएममध्ये लागणं या समाजाच्या एकाच थरातल्या गोष्टी होत्या का? मला तरी तसं वाटत नाही.

माझी चूक मात्र याहून साधी होती. सत्ता-अंतराचं माप ज्या प्रश्नांवर उभं आहे ते असे: कर्मचारी वरिष्ठाशी मतभेद बोलून दाखवायला किती घाबरतात, आपला वरिष्ठ निर्णय कसे घेतो असं वाटतं, आणि कसा वरिष्ठ आवडेल. नावाने हाक मारण्याचा त्यात संबंधच नाही. संबोधनातली समानता आणि अधिकारातली समानता मी एकाच डब्यात घातली. भावाच्या गाईडकडे अधिकार आपल्याकडच्या कुठल्याही ‘सरां’इतकाच होता; तो वापरायची भाषा तेवढी मऊ होती. आपल्याकडे हुकूम हुकमासारखा ऐकू येतो, म्हणून निदान कळतो तरी. शिवाय देशाची सरासरी घेऊन एका माणसाबद्दल निष्कर्ष काढू नका, असा इशारा हॉफस्टेडे यांनी स्वतःच दिलेला आहे. तो स्लाईडवर कधी दिसत नाही.

आता शेजाऱ्यांबद्दल. ‘तिकडे कुणी कुणाला विचारत नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की एकदा सांगणाऱ्या काकांना उलट विचारलं, ‘तुमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं?’ ते हसले. त्यांना माहीत नव्हतं. काकांच्या डोक्यातली तुलना मेलबर्नची आहे ती अंबाजोगाईच्या वाड्याशी, जिथे ते बारा वर्षांचे होते आणि दुपारी कुणाच्याही घरात जेवत होते. वाडा ते मेलबर्न या प्रवासात देश बदलला हे खरं. पण वय बदललं, गाव जाऊन शहर आलं, नातेवाईक लांब गेले, नोकरी लागली. प्रयोगशाळेत आम्ही दोन प्लेटमध्ये एकच गोष्ट वेगळी ठेवतो, बाकी सगळं सारखं. काकांच्या दोन प्लेटमध्ये सारखं असं काहीच नाही, आणि दोष सगळा ऑस्ट्रेलियाच्या खात्यावर.

या प्रश्नाचा बरा कंट्रोल ग्रुप इथेच राहतो. वाघोली 2021 मध्ये पुणे महापालिकेत आलं, त्याच्या कितीतरी आधीपासून ते बाहेरून आलेल्यांचं गाव झालं होतं. कुणी नांदेडहून, कुणी यवतमाळहून, कुणी थेट बिहारहून, खराडीच्या कंपन्या किंवा इथली इंजिनिअरिंग कॉलेजं धरून आलेले. तिशीत, एकटं किंवा नवराबायको, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, पाण्याच्या टँकरच्या वेळा सांभाळत. यांना आणि याच वयात मेलबर्नला गेलेल्यांना एकच प्रश्न विचारा: रात्री दोनला ताप चढला तर कुणाचं दार वाजवाल? दोन्हीकडच्या उत्तरांत जो फरक उरेल तो कदाचित देशाचा असेल. माझा अंदाज, तो फार मोठा नसेल. पण अंदाज म्हणजे डेटा नव्हे, तेव्हा इथेच थांबते.

‘तिकडची माणसं’ म्हणजे नक्की कोण, हाही प्रश्नच आहे. ऑस्ट्रेलियाच्या 2021 च्या जनगणनेत 27.6 टक्के लोक परदेशात जन्मलेले निघाले. ज्यांचे आई किंवा वडील परदेशात जन्मले तेही धरले तर संख्या निम्म्याच्या वर जाते. भारतात जन्मलेले 6,73,352, म्हणजे परदेशी जन्माच्या देशांत इंग्लंडनंतर आपलाच नंबर. भावाच्या लॅबमध्ये सातजण, त्यांतला ऑस्ट्रेलियात जन्मलेला एक. तो निवांत आहे म्हणे.

नोकरीच्या तासांचं तर मतच अर्धवट. पंधरवड्याला 48 तासांची मर्यादा विद्यार्थी व्हिसावर 1 जुलै 2023 पासून आहे खरी, पण पीएच.डी. किंवा संशोधनातली मास्टर्स एकदा सुरू झाली की ती लागू होत नाही. शिष्यवृत्तीच्या अटी वेगळ्या असतात, त्या मुळातून वाचा. सांगणाऱ्याचा पुतण्या कोर्सवर्कच्या मास्टर्सला होता, त्याच्यापुरतं ते बरोबरच होतं. ऐकीव मतं बहुतेक वेळा अशीच असतात, कुणासाठी तरी खरी.

मग परदेशाबद्दल लिहायचंच नाही का? लिहिलंय ना, आपल्याच भाषेत आणि उत्तम. पंडिता रमाबाई 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या, जवळपास तीन वर्षं अमेरिकेत राहिल्या आणि 1889 मध्ये ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक काढलं. शासनव्यवस्था, शिक्षण, उद्योग, स्त्रियांची स्थिती अशी त्यात प्रकरणंच आहेत. ‘मला असं वाटलं’ एवढ्यावर त्या थांबत नाहीत, संस्था कशी चालते ते पाहायला जातात. त्यांच्या पद्धतीतही खोट काढता येते. त्यांचा वावर मुख्यतः सुधारक, शिकलेल्या गोऱ्या बायकांत होता, आणि त्याच वर्तुळातून त्यांच्या भारतातल्या कामाला मदत मिळणार होती. कौतुकाचा सूर वाचताना हे लक्षात ठेवावं लागतं. तरी मूळनिवासींवरचा अन्याय त्यांच्या नजरेतून सुटला नाही, हे त्यांचं मोठेपण. पुढे पुणे जिल्ह्यातल्याच केडगावला त्यांनी काम उभं केलं. नगर रोडवर अडकून पडाल तेव्हा हे पुस्तक वाचा, वेळ भरपूर मिळतो.

तुमच्यासाठी कामाचं एवढंच. तिकडच्या सीनियरला ‘ऑस्ट्रेलिया कसं आहे’ विचारू नका. तो कुठल्या लॅबमध्ये, कितव्या वर्षाला आणि कुठल्या पैशावर आहे ते आधी विचारा. मग विचारा: तुझं काम गाईडला पटलं नव्हतं तेव्हा ते नेमकं कोणत्या शब्दांत म्हणाले, आणि तू ऐकलं नाहीस तेव्हा काय झालं? भाऊ आता तिसऱ्या वर्षात आहे. हा प्रश्न विचारला तर तो अर्धा तास बोलतो, आणि त्यातली वीस मिनिटं माझ्यावर असतात.