दारिद्र्यरेषा आणि जातीची रेषा

जून २०२५ मध्ये जागतिक बँकेने अतिदारिद्र्याची रेषा दरडोई दररोज २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली. या नव्या रेषेने मोजले तरी २०११-१२ मध्ये २७.१ टक्के असलेले भारतातील अतिदारिद्र्य २०२२-२३ मध्ये ५.३ टक्क्यांवर आले, असा बँकेचा हिशोब आहे. हे आकडे खोटे आहेत असे मला म्हणायचे नाही. एकेकाळी उपाशी झोपणाऱ्या कितीतरी घरांत आज रेशनचे धान्य आहे, गॅसची शेगडी आहे. हे नाकारणे म्हणजे आपल्याच माणसांची धडपड नाकारणे होय. माझा आक्षेप आकड्यांवर नसून त्यांमागच्या दृष्टीवर आहे. ही रेषा माणसाने दिवसाकाठी किती खर्च केला ते पाहते. तो पैसा मिळविण्यासाठी त्याला कोठे उतरावे लागले ते पाहत नाही.

ही दृष्टी आपल्याकडे रुजली ती वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांच्या १९७१ च्या अभ्यासापासून. दिवसाला २२५० कॅलरी मिळण्यासाठी १९६०-६१ च्या भावाने महिन्याला दरडोई खेड्यात १५ रुपये आणि शहरात २२.५० रुपये लागतात, असे त्यांनी मांडले. नियोजनाची फळे तळापर्यंत पोहोचली नाहीत हे त्यांनी उघड केले, हे त्यांचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्याचे पोट मोजले त्या माणसाला तेथे जात नव्हती, वस्ती नव्हती, अपमान नव्हता. पुढे तेंडुलकर समिती आली, रंगराजन समिती आली. रेषा वरखाली झाली, पण माणूस तसाच अमूर्त राहिला. आजच्या बँकेचे ३ डॉलर म्हणजे तरी काय? क्रयशक्तीच्या हिशोबाने, २०२१ च्या भावाने, साधारण साठ-बासष्ट रुपये!

ही मोजपट्टी ठाणे-कल्याणच्या पट्ट्याला लावून पाहू. वागळे इस्टेट, अंबरनाथ, डोंबिवली येथल्या औद्योगिक वसाहती साठच्या दशकात उभ्या राहिल्या. मराठवाड्यातला, विदर्भातला, कोकणातला भूमिहीन माणूस येथे आला; १९७२ च्या दुष्काळाने हा लोंढा वाढविला. ज्याला कारखान्यात कायम नोकरी लागली त्याच्या घरात फंड आला, सुट्टी आली, मुलाची शाळा आली. गावकीच्या कामातून सुटल्याची ती पहिली पावती होती. नंतर कारखाने एकेक करून बंद पडले. कल्याणजवळ मोहने येथला नॅशनल रेयॉनचा कारखाना २००९ मध्ये बंद झाला आणि कामगारांचा थकलेल्या देण्यांसाठीचा लढा पुढे वर्षानुवर्षे चालला. ठाण्यात गिरणी-कारखान्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. बाप ज्या फाटकातून हजेरीकार्ड घेऊन आत जात असे, त्या फाटकावर आज मुलगा कंत्राटदाराचा गणवेश घालून पहारा करतो. रेषेच्या हिशोबाने बापही दरिद्री नव्हता, मुलगाही नाही. मग बिघडले काय? बिघडले ते हे, की बापाला उद्याची खात्री होती आणि मुलाला ती नाही.

मे २०१९ मध्ये ठाण्यातल्या ढोकाळी भागात एका गृहसंकुलाच्या सांडपाण्याच्या टाकीत सफाईसाठी उतरलेले तीन कामगार गुदमरून मेले. हाताने मैला साफ करून घेण्यास बंदी करणारा कायदा त्याआधी सहा वर्षे, २०१३ मध्येच झाला होता. टाकीत उतरण्याची मजुरी साठ-बासष्ट रुपयांहून खासच अधिक असते. म्हणजे बँकेच्या वहीत टाकीत उतरणारा एकटा माणूस त्या दिवशी रेषेच्या वर असतो. केंद्र सरकारने २०२४ पर्यंत नोंदविलेल्या सुमारे ३८ हजार गटार-सफाई कामगारांपैकी जवळजवळ ६९ टक्के अनुसूचित जातींचे होते. हा योगायोग आहे काय? जात केवळ कामाची नव्हे, काम करणाऱ्यांचीच विभागणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते. अर्थशास्त्राच्या रेषेला ती विभागणी अजून दिसत नाही.

आपल्या साहित्याला मात्र ती फार पूर्वी दिसली. बाबुराव बागुलांचा ‘मरण स्वस्त होत आहे’ १९६९ चा, म्हणजे दांडेकर-रथांच्या आधीचा. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे. त्याचे शीर्षकच सांगते की प्रश्न केवळ धान्य किती मिळाले हा नसून ते कोणत्या नात्याने पदरात पडले हा आहे. पण आज आपले लेखन बव्हंशी गावकुसाच्या आठवणींतच फिरत आहे, असे स्पष्ट म्हणावे लागेल. कंत्राटदार हा नवा पाटील आहे. तो आपल्या कथा-कवितांत अजून पुरेसा आलेला नाही.

आणि उद्याचे काय? २०३० पर्यंत अतिदारिद्र्य संपविण्याचे जगाचे उद्दिष्ट गाठले जाणार नाही, हे बँकेचेच भाकीत आहे. उरलेले दारिद्र्य मुख्यतः आफ्रिकेत साचेल असे ती म्हणते. आपला प्रश्न मात्र सुटत आल्याचे सांगितले जाते. तो सुटला की झाकला? जागतिक विषमता अहवाल, २०२२ नुसार जगातल्या निम्म्या लोकांकडे मिळून संपत्तीचा २ टक्के वाटा आहे. २०२२-२३ मध्ये भारतातल्या वरच्या १ टक्क्याकडे ४०.१ टक्के संपत्ती होती, असा त्याच अभ्यासकांचा अंदाज आहे. राजकीय समता आणि आर्थिक-सामाजिक विषमता यांतली विसंगती लवकर दूर केली नाही तर लोकशाहीच धोक्यात येईल, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता.

माझ्या घरातला पहिला पदवीधर मी. शिक्षण, आरक्षण, कायम नोकरी या शिडीने मी वर आलो. माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांच्या शिडीची शेवटची पायरीच काढली जात आहे: कंत्राटी कामाला आरक्षण पोहोचत नाही, खाजगी नोकरीत ते नाही, आणि प्राध्यापकसुद्धा तासिका तत्त्वावर नेमले जातात. जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी घेतला. पण नुसती डोकी मोजून भागणार नाही. कोणत्या जातीचा माणूस कोणते काम, कोणाच्या हाताखाली, कोणत्या खात्रीने करतो, हे मोजा, अशी मागणी कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी एकमुखाने केली पाहिजे. ते मोजले जाईपर्यंत दारिद्र्य हटल्याच्या दाखल्यावर आपण सही करण्याचे कारण नाही.