कौल, कुंडली आणि काय-वर्ग

खेडला एका शाळेत शिक्षकांच्या शिबिरात काय-वर्ग चाचणीवर बोलत होतो. पाऊस असा लागला होता, की दर थोड्या वेळाने कुणीतरी बाहेर जाऊन जगबुडीचे पाणी कुठवर चढले याची बातमी आणी. फाशाचे उदाहरण झाले, नाण्याचे झाले. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका ज्येष्ठ गुरुजींनी विचारले, "सर, आमच्याकडे देवाला कौल लावतात. त्याला ही चाचणी लागेल काय?"

वर्गात थोडे हसू पिकले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. देवाच्या मूर्तीला पाण्याने फुलाच्या पाकळ्या किंवा तांदळाचे दाणे चिकटवतात, मनातला प्रश्न सांगतात आणि उजवीकडचे आधी पडते की डावीकडचे याची वाट पाहतात. उजवा कौल म्हणजे होकार, डावा म्हणजे नकार. दोनच उत्तरे. नाण्यापेक्षा चांगले उदाहरण आयते हाती आले होते.

समजा, ६० वेळा कौल लावला आणि ३६ वेळा उजवा, २४ वेळा डावा मिळाला. दोन्ही बाजू सारख्याच असतील तर ३०-३० ची अपेक्षा. फरक ६, त्याचा वर्ग ३६, भागिले ३० म्हणजे १.२. दोन्ही बाजूंची बेरीज २.४. दोनच गट असताना सारणीतला आकडा ३.८४ आहे. केवळ योगायोगाने त्याहून मोठे उत्तर शंभरात सुमारे पाच वेळाच येते. आपले उत्तर त्याच्या आत आहे, म्हणून दोन्ही बाजू सारख्या नाहीत असे म्हणायला आधार नाही. ही झाली जुळणीची चाचणी.

पण गुरुजींना हे विचारायचे नव्हते. ३६ च्या जागी ४५ आले असते तरी त्यातून एवढेच कळले असते, की उजवी बाजू लवकर सुटते. कदाचित तिकडचा दगड गुळगुळीत असेल, कदाचित दारातून येणारा वारा तिकडे लागत असेल. कौल खरा ठरतो का, हा प्रश्न वेगळा आहे. त्यासाठी दोन ओळी आणि दोन रकान्यांचा तक्ता लागतो. ओळींमध्ये कौल उजवा की डावा, रकान्यांमध्ये काम झाले की नाही. या दोहोंचा परस्परांशी संबंध आहे का, हे पाहणारी चाचणी म्हणजे स्वातंत्र्याची चाचणी. पाठ्यपुस्तकात या दोन चाचण्या लागोपाठ येतात, सूत्र एकच असते आणि मुलांची समजूत होते की प्रश्नही एकच आहे.

हा घोळ टाळायला आपल्याकडे एक अस्सल मराठी प्रयोग उपलब्ध आहे. २००८ साली जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. त्याचा अहवाल २००९ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शंभर हुशार विद्यार्थी आणि शंभर मतिमंद मुले (शब्द तेव्हाचा) यांच्या जन्मवेळा मिळवून २०० कुंडल्या तयार केल्या. कोणती कुंडली कोणाची, हे सांकेतिक क्रमांकांखाली दडवले. सहभागी होणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० कुंडल्या दिल्या आणि एकच प्रश्न विचारला: हे मूल हुशार की मतिमंद? ५१ जणांनी तयारी दाखवली, उत्तरे २७ जणांकडून आली. सर्वांत चांगला निकाल ४० पैकी २४. सरासरी यश ४६ टक्के. याखेरीज एका संस्थेने सगळ्या २०० कुंडल्या तपासल्या आणि तिची १०२ उत्तरे बरोबर आली.

वर्तमानपत्रांनी ४६ टक्के उचलले, आणि वर्गातही तोच आकडा सांगितला जातो. माझ्या मते प्रयोगातला सर्वांत कमी उपयोगाचा आकडा तोच आहे. वजनदार आकडा आहे १०२.

२०० पैकी अपेक्षा १००, फरक २. दोनाचा वर्ग चार, भागिले शंभर, दोनदा: ०.०८. ३.८४ च्या जवळपाससुद्धा नाही. आता हेच तक्त्यात मांडू. त्या १०२ बरोबर उत्तरांपैकी ५१ हुशार मुलांची होती आणि ५१ मतिमंद मुलांची. म्हणजे हुशार शंभरांपैकी ५१ ना 'हुशार' म्हटले गेले. मतिमंद शंभरांपैकी ४९ ना. चारही घरांत अपेक्षा ५० आणि फरक १. उत्तर पुन्हा ०.०८. मुले म्हणतील, मग दोन चाचण्या हव्यात कशाला?

त्यांना असे सांगावे. आयोजकांनी शंभर-शंभरऐवजी १५० हुशार आणि ५० मतिमंद मुले घेतली असती, आणि एखाद्याने कुंडली न उघडताच सगळ्यांना 'हुशार' म्हटले असते, तर त्याची १५० उत्तरे बरोबर आली असती. जुळणीच्या चाचणीचे उत्तर ५०! कोणत्याही सारणीच्या पलीकडचे यश, आणि ज्ञान शून्य. स्वातंत्र्याचा तक्ता मांडताच हे उघडे पडते, कारण 'मतिमंद' हा रकाना रिकामाच राहतो. दोन्ही गट सारखे ठेवून प्रयोगकर्त्यांनी ही पळवाट आधीच बुजवली, म्हणून दोन्ही चाचण्यांचे उत्तर एक आले.

आता २४ चा विचार करू. अपेक्षा २०, फरक ४, उत्तर १.६. हेही ३.८४ च्या आत. शिवाय तो २७ जणांमधला सर्वोत्तम निकाल आहे, हे विसरता कामा नये. २७ जणांनी प्रत्येकी ४० वेळा नाणे उडवले, तर २४ किंवा अधिक छापे मिळवणारे तीन-चार जण सहज निघतात. प्रयोगकर्त्यांनी यशासाठी ४० पैकी २८ ही मर्यादा ठेवली होती, म्हणजे उत्तर ६.४. मर्यादा कडक होती, आणि इतके जण परीक्षेला बसणार असताना ती कडकच हवी.

प्रयोगाची उणी बाजूही इथेच आहे आणि ती मुलांपासून लपवू नये. एखाद्या ज्योतिषाला खरोखरच दहापैकी सहा वेळा बरोबर सांगता येत असेल, तर ४० कुंडल्यांत तो २८ पर्यंत पोचण्याची शक्यता आठात एक एवढीच आहे. म्हणजे किरकोळ कौशल्य या चाळणीतून निसटून जाते. ४० कुंडल्यांच्या जोरावर 'काहीच नाही' असे म्हणता येत नाही, 'फार काही नाही' एवढेच म्हणता येते. (ज्योतिषांचा दावा दहापैकी सहाचा नसतो, ही गोष्ट निराळी.) २०० कुंडल्यांची चाळणी बारीक आहे. तेवढेच कौशल्य असते, तर ११४ ही काय-वर्गाची सीमा ओलांडण्याची शक्यता पाचात चार इतकी होती. म्हणून मी १०२ ला वजनदार म्हणतो. ५१ पैकी २४ जणांनी उत्तरेच पाठवली नाहीत, हेही सांगायला हवे. त्यांचे निकाल कसे आले असते हे कोणतीही चाचणी सांगणार नाही.

आता ४६ टक्क्यांकडे येतो. एका प्रश्नसंचात मी या प्रयोगावरचे उदाहरण पाहिले. २७ गुणिले ४० म्हणजे १०८० भाकिते, त्यांतली ४६ टक्के बरोबर म्हणजे सुमारे ४९७, अपेक्षा ५४०, काय-वर्ग काढा. मी काढला. फरक ४३, उत्तर ६.९. हे ३.८४ च्या चांगलेच वर आहे! शंभरात एकदाही योगायोगाने न येणारे उत्तर. याचा सरळ अर्थ असा, की ज्योतिषांना कुंडलीतून काहीतरी खरोखर कळते, फक्त ते उलटे सांगतात. सल्ला घ्यावा आणि नेमके विरुद्ध वागावे! प्रश्नसंचात याचे उत्तर 'फरक लक्षणीय आहे' एवढेच छापले होते, आणि त्याचा अर्थ काय होतो याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसले नाही.

चूक गणितात नाही. ती मोजणीत आहे. काय-वर्ग चाचणीत प्रत्येक नोंद दुसरीपासून स्वतंत्र असावी लागते. इथे कुंडल्या २०० आणि भाकिते १०८०. म्हणजे एकेक कुंडली सरासरीने पाचाहून अधिक ज्योतिषांकडे गेली. हे सगळे एकाच परंपरेत शिकलेले. बुद्धीसाठी बुध पाहावा, हे सर्वांना ठाऊक. एखाद्या हुशार मुलाच्या कुंडलीत बुध दुर्बळ असला, तर पाचही जण एकदमच चुकणार. त्या पाच चुका नव्हेत. एकच चूक पाचदा मोजली गेली. त्यात ज्यांनी काही कुंडल्यांबाबत 'सांगता येत नाही' असे उत्तर दिले, त्यांचे काय करायचे? ते चूक धरले की यश ५० टक्क्यांच्या खाली जाणारच, आणि नाण्याला तर 'सांगता येत नाही' असे म्हणताच येत नाही. प्रयोगकर्त्यांनी प्रत्येक ज्योतिषाचा निकाल स्वतंत्रपणे तोलला ते म्हणूनच योग्य होते. सगळ्यांची बेरीज करून एकच काय-वर्ग काढण्याचा उद्योग नंतरच्यांचा.

विज्ञानाची बाजू घ्यायची म्हणून आपण चुकीचे गणित चालवून घेतो, हे मला जास्त खटकते. ६.९ हे उत्तर उद्या एखाद्या चाणाक्ष ज्योतिषाने फळ्यावर मांडले, तर वर्गातला शिक्षक काय बोलणार?

खेडला हे सगळे सांगून झाल्यावर मी गुरुजींना सुचवले, की वर्षभर कौलाची वही ठेवता येईल. कौल लागताक्षणी प्रश्न, कौल आणि कोणत्या तारखेपर्यंत काम व्हायचे ते लिहायचे. निकाल नंतर दुसऱ्याने भरायचा. लिहिणाऱ्याला कौल ठाऊक असेल, निकाल भरणाऱ्याला नको. गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, एक अडचण आहे. मृगात आमच्या वाडीतली चाळीस माणसं कौल लावायला जातात, आणि चाळीसही जण एकच विचारतात, पाऊस वेळेवर येईल काय?"

चाळीस कौल, पण निकाल एकच. पाऊस आला तर सगळ्यांसाठी आला. मी फळ्यावरचा ४० पुसला आणि तिथे १ लिहिला.