‘त्याला सगळं कळतं’ : एका बचावाची चिकित्सा

घरी नवे पाहुणे आले की ते माझ्या धाकट्या भावाकडे एकदा बघत, आवाज खाली आणत आणि आईला विचारत, “याला काही कळतं का हो?” आईच्या आधी मीच उत्तर देई, “त्याला सगळं कळतं.” पाहुण्यांचा चेहरा सैल होई. हे वाक्य मी शाळेत असल्यापासून पुढे तीसेक वर्षे म्हणत आले. ते खरे नव्हते. माझ्या भावाला सेरेब्रल पाल्सी आहे आणि बौद्धिक अक्षमताही आहे. घरात कोण रुसले, आईचे गुडघे आज किती दुखताहेत, हे त्याला आमच्या आधी कळते. पैशांचा हिशेब कळत नाही, वार कळत नाहीत. मग मी खोटे का बोलत होते? या प्रश्नाचा माग काढताना मला पुस्तके आणि चित्रपट पुन्हा पाहावे लागले, कारण ते वाक्य माझ्या एकटीचे नव्हते.

आधी मूळ गैरसमजाविषयी. ‘मेंदूचा पक्षाघात’ हा मराठी प्रतिशब्द ऐकला की उतारवयातला झटका डोळ्यांपुढे येतो. सेरेब्रल पाल्सीत मेंदूला इजा होते किंवा त्याची घडण वेगळी होते, ती मेंदू वाढत असतानाच. जन्माआधी, जन्मताना किंवा त्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात. परिणाम होतो तो हालचालीवर आणि शरीराचा तोल सांभाळण्यावर. मेंदूतली ती इजा पुढे वाढत जात नाही. ती एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, आणि मालिशने, अंगाऱ्याने किंवा गोळीने पुसलीही जात नाही. व्यायामोपचार, शस्त्रक्रिया, साधने यांनी जगणे सुकर होते, एवढेच. पण ते ‘एवढेच’ फार मोठे असते.

कारणांच्या बाबतीतही समाजाने एक सोपी गोष्ट धरून ठेवली. विल्यम जॉन लिटल या लंडनच्या शल्यवैद्याने १८६१ साली अवघड बाळंतपणाचा या स्थितीशी संबंध जोडला. विशेष म्हणजे, त्या वैद्यकीय निबंधात त्याने शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डचाही दाखला दिला. म्हणजे या विषयात साहित्य पहिल्यापासून साक्षीला उभे आहे. पुढे १८९७ साली सिग्मंड फ्रॉइडने, तेव्हा तो मज्जाविकारतज्ज्ञ होता, शंका काढली : अवघड बाळंतपण हे कारण नसून, आधीच गर्भात काही बिघडल्याची खूण तर नसेल? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मोठ्या अभ्यासांनी दाखवले की जन्मताना प्राणवायू कमी पडणे हे कारण थोड्याच मुलांच्या बाबतीत लागू पडते. आमच्या आळीत मात्र निकाल केव्हाच लागला होता : आईने ग्रहण पाळले नाही. आईने तो निकाल कधी खोडला नाही. मला वाटते, तिने तो मनातून मान्यही केला होता.

सर्वांत चिवट गैरसमज बुद्धीचा. बोलणे अस्पष्ट, तोंडातून लाळ, मान स्थिर नाही, म्हणजे मतिमंद. कायद्याचीही इथे ओढाताण दिसते. १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्याने सेरेब्रल पाल्सी हालचालीच्या अपंगत्वात घातली. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला स्वमग्नता, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्या पंगतीला बसवले आणि प्रौढ व्यक्तीसाठीही पालक नेमण्याची सोय केली.

या अन्यायाला साहित्याने आणि चित्रपटाने उत्तर दिले, ते असे : देह मोडका, पण आत तल्लख मन. डब्लिनच्या क्रिस्टी ब्राऊनचे ‘माय लेफ्ट फूट’ हे आत्मकथन १९५४ चे. जिम शेरिडनचा चित्रपट १९८९ चा. पुस्तकात पाच वर्षांचा क्रिस्टी डाव्या पायात खडू धरून आईने काढून दाखवलेले ‘ए’ हे अक्षर गिरवतो. धडपडत, चुकत. पुढची अक्षरे आई त्याला एकेक करून शिकवते. चित्रपटात या प्रसंगाचा कळस होतो तो जमिनीवर उमटलेल्या ‘मदर’ या अख्ख्या शब्दाने. हा बदल मला फार बोलका वाटतो. पुस्तकात शिकणे आहे, चित्रपटात प्रकट होणे. जणू शब्द आत तयारच होता, फक्त दार उघडायचे होते. प्रेक्षक रडतो तो त्या दारापाशी. मीही रडले होते, आणि घरी येऊन भावाच्या पायात खडू दिला होता. त्याने तो खाल्ला.

शोनाली बोस यांचा ‘मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ’ (२०१४) अधिक धीट आहे. त्याची प्रेरणा दिग्दर्शिकेची बहीण मालिनी चिब. त्यांनी एका बोटाने टंकून आत्मकथन लिहिले, आणि त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. चित्रपटातल्या लैलाला देह आहे आणि वासनाही. गाणे अपंग मुलीने लिहिले म्हणून बक्षीस दिले, असे परीक्षक मंचावर सांगते तेव्हा लैला तिला मधले बोट दाखवते. दयेला याहून नेमके उत्तर मी पडद्यावर पाहिलेले नाही. तरीही लैला गीते लिहिते, दिल्ली विद्यापीठातून न्यूयॉर्कला जाते. सन्मानाच्या दारावर तिच्याकडूनही बुद्धीचेच तिकीट घेतले जाते.

या दोन्ही कलाकृती खोट्या नाहीत. त्या ज्यांच्याविषयी आहेत त्यांच्याविषयी खऱ्या आहेत. २०१२ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली. सेरेब्रल पाल्सी असलेल्या दोघांपैकी एकाला बौद्धिक अक्षमता असते, तिघांपैकी एकाला चालता येत नाही, चौघांपैकी एकाला बोलता येत नाही, आणि चौघांपैकी तिघांना वेदना असतात, असे त्यांना आढळले. म्हणजे ‘बुद्धी शाबूत आहे’ हा बचाव निम्म्यांच्या बाबतीत खरा, आणि म्हणून आवश्यकही आहे. पण तो सर्वांचा बचाव म्हणून मांडला की उरलेल्या निम्म्यांना आपण पाहुण्यांच्या हवाली करतो. ‘कळत नसेल तर हीन’ हे पाहुण्यांचे गृहीतक त्यात जसेच्या तसे राहते. आणि वेदना? आखडलेल्या पोटऱ्यांनी भाऊ रात्री विव्हळतो, ती रात्र कोणत्याच कथानकात नीट येत नाही. तिथे कळस नसतो. गरम पाण्याची पिशवी असते आणि सकाळची वाट.

माझे खोटे आता मला कळते. मी भावाला वाचवत नव्हते. मी त्याच्या जागी दुसरा, दाखवण्याजोगा भाऊ उभा करत होते.

मागच्या महिन्यात नवे शेजारी आले. बाईंनी तोच प्रश्न विचारला. मी म्हटले, “काही कळतं, काही नाही. चहा मात्र आधी त्याला देते, गार झाला की तो पीत नाही.” बाई गडबडल्या. भाऊ कपाकडे बघून हसला.