देणाऱ्याचे व्याकरण: मिशनसेवेच्या मराठी लेखनाकडे पाहताना

मराठी समीक्षेने मिशनऱ्यांची दखल प्रामुख्याने दोन अंगांनी घेतली. एक, भाषा आणि मुद्रण: व्याकरणे, कोश, नियतकालिके, गद्याची घडण. दुसरे, धर्मांतर आणि त्यावरचे वाद. या दोहोंच्या मध्ये एक मोठा लेखनप्रकार दुर्लक्षित राहिला. तो म्हणजे सेवेचे लेखन: दुष्काळातील अन्नछत्रांचे वृत्तान्त, अनाथालयांचे अहवाल, दवाखान्यांच्या हकीकती. ही कागदपत्रे इतिहासाची साधने म्हणून वापरली गेली. वाङ्मय म्हणून क्वचितच वाचली गेली. ती तशी वाचली, तर पहिला प्रश्न साधा असतो. या वाक्यांत कर्ता कोण आणि कर्म कोण?

अमेरिकन मराठी मिशन 1813 मध्ये मुंबईत आणि 1831 मध्ये अहमदनगरला आले. 1842 मध्ये नगरला ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. 1876–78, 1896–97 आणि 1899–1900 च्या दुष्काळांत नगर व आसपासच्या मुलखात मिशनच्या मदतकार्याने मोठे रूप घेतले. पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातील दुष्काळग्रस्त मुली-बायकांना आणून केडगावच्या ‘मुक्ती’त आसरा दिला, तोही याच काळात. शेजारचा बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. राज्याची सीमा बदलली म्हणून बालाघाटावरचा पाऊस बदलत नव्हता.

या कार्याला पैसा लागे आणि तो बराचसा समुद्रापलीकडून येई. तिथल्या मंडळीतल्या देणगीदाराला आपले दान कुठे पोचले हे कळणे गरजेचे होते. इथे एक विसंगती आहे. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताला कळू नये, ही शुभवर्तमानाची शिकवण. पण अहवालाचे सगळे काम ते कळवण्याचेच. म्हणून या लेखनाला एक ठरीव साचा मिळाला. आरंभी हाडांचा सापळा झालेले मूल, मग ते जवळ घेणारा हात, शेवटी तेच मूल शाळेच्या बाकावर. मूल आणले जाते, न्हाऊ घातले जाते, शिकवले जाते. सगळा कर्मणी प्रयोग. त्याला मागे सोडून आलेले गाव असते, आई असते, कदाचित आपल्याला वाचवणाऱ्याविषयी त्याचे काही वेगळे मतही असते. साच्यात त्याला जागा नसते. मदत खरी होती, जीव वाचले, यात शंका नाही. प्रश्न मदतीच्या खरेपणाचा नाही, निवेदनातल्या अपुरेपणाचा आहे.

हा साचा मराठीत प्रथम ठळकपणे मोडला तो लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ने. 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र आपण विनोद, संसार आणि निखळ बोलभाषेसाठी वाचतो. सेवेच्या वाङ्मयाच्या संदर्भात त्याचे महत्त्व वेगळे आहे. रेव्हरंड टिळकांचे औदार्य बाहेरून कवीचे आणि संताचे दिसते. आतून ते घरातल्या बाईला पेलावे लागते. पाहुणे, अनाथ, आजारी येतात, तेव्हा डब्यात पीठ किती आहे हा प्रश्न लक्ष्मीबाईंना पडतो आणि त्या तो लपवत नाहीत. दानाचा खर्च कोण सोसतो, हे अहवालात न येणारे सत्य त्यांनी घरगुती भाषेत सांगितले.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. पतीच्या धर्मांतरानंतरही बराच काळ त्यांनी सोवळे सांभाळले. ते सुटले ते कुणाच्या उपदेशाने नव्हे, स्वतःशी केलेल्या विचाराने. आणि हा बदल त्यांनी फुशारकी न मारता नोंदवला. 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या बाईच्या लेखनात सेवा करणारी व्यक्ती पूर्ण तयार होऊन येत नाही. ज्यांना हात लावायचा त्यांच्यामुळे ती घडते. तरीही ‘स्मृतिचित्रे’ची मर्यादा मान्य करावी लागेल. बदल दिसतो तो देणाऱ्याच्या बाजूने. त्या घरी येऊन वाढलेल्या मुलांची बाजू लक्ष्मीबाईंच्या नजरेतूनच आपल्यापर्यंत पोचते.

घेणाऱ्याच्या बाजूकडे सरकणारे पुढचे पाऊल बीडच्या वेशीवर पडले. आष्टी-पाटोद्याला लागून असलेल्या जामखेडला 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. आधी त्यांनी वडाळा मिशनच्या रुग्णालयात काम केले होते. बरा होऊन गेलेला रोगी त्याच रोगाने परत येतो, कारण त्याचे पाणी, अन्न आणि जात तीच राहते, हे त्यांनी तिथे पाहिले. जामखेडला गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत काम उभे राहिले. प्रशिक्षित परिचारिका गावात रुजेनात, तेव्हा गावातल्याच बायका निवडून त्यांना शिकवण्यात आले. त्यांत अक्षरओळख नसलेल्या आणि दलित बायकाही होत्या. विंधनविहिरी दलित वस्तीत घेतल्या, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिकडे जाणे भाग पडले.

या कामाची वाट परदेशातून आली, तशी परदेशात गेलीही. जिनिव्हाच्या जागतिक चर्च परिषदेचा वैद्यकीय आयोग 1968 मध्ये स्थापन झाला होता. चर्चचा पैसा रुग्णालयाच्या इमारतींत अडकतो, गावापर्यंत पोचत नाही, ही टीका तिथे चर्चच्याच माणसांनी केली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1975 च्या ग्रंथात जामखेडवर प्रकरण आले आणि 1978 च्या अल्मा-आटा परिषदेमागच्या विचारात अशा प्रयोगांचा वाटा राहिला. 1979 मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. चर्चच्या सेवेत तोवर ज्ञान पश्चिमेकडून येई. इथे ते उलट दिशेने गेले.

आरोळे दाम्पत्याचा ‘जामखेड’ हा इंग्रजी ग्रंथ 1994 मध्ये निघाला. त्याची खरी कमाई आकडेवारीत नाही. आरोग्य कार्यकर्त्या बायका तिथे स्वतःची गोष्ट सांगतात: नवऱ्याने टाकलेली, गावाने बाजूला ठेवलेली, आणि नंतर त्याच गावाची बाळंतपणे करणारी. इथे वाक्याचा प्रयोग कर्तरी होतो. त्यांतल्याच मुक्ताबाई पोळ यांनी अमेरिकेत तज्ज्ञांपुढे बोलताना महागड्या झुंबराची आणि एकीवरून दुसरी पेटवता येणाऱ्या साध्या दिव्याची तुलना केली. ती प्रतिमा अहवालाची नव्हे, घरात दिवा लावणाऱ्या बाईची आहे.

पण समीक्षकाने इथेच थांबू नये. या बायका बोलल्या मराठीत. जगाने ऐकले इंग्रजीत, डॉक्टरांच्या लेखणीतून. त्यांच्या बोलीतले हेल, टोमणे, अडखळणे त्या प्रवासात गळले असणारच. शिवाय संस्थापकांनी लिहिलेल्या ग्रंथात यशाचा ओघ अटळ असतो. अपयश येते ते पुढच्या यशाची पायरी म्हणून. ज्या गावी प्रयोग फसला, तिथली बाई काय सांगेल, हे ऐकायला दुसरा निवेदक हवा. मराठीत तो निवेदक सापडला तो प्रामुख्याने दलित आत्मकथनांत. मिशनची शाळा, बोर्डिंग, दूधभुकटी यांकडे घेणाऱ्याच्या नजरेने, कृतज्ञता आणि अपमान यांची सरमिसळ न सोडवता पाहण्याची मुभा त्या वाङ्मयप्रकाराने दिली. मिशनचे अहवाल आणि ही आत्मकथने शेजारी ठेवून वाचण्याचे काम अजून पुरेसे झालेले नाही.

हे काम निव्वळ अभ्यासकी नाही. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हा राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. चौकशी हवीच होती. पण त्या काळातल्या कितीतरी लेखांत ती बाई पुन्हा ‘पीडित’ म्हणूनच आली: तिची शस्त्रक्रिया झाली, तिची पाहणी झाली, तिला मदत दिली गेली. उचल, कोयता, पाळी आणि दिवसाचा खाडा यांचा हिशेब मांडून तिने काय ठरवले आणि का, हे थोड्यांनीच तिच्या तोंडून ऐकले. मिशनची जागा आता स्वयंसेवी संस्थेने आणि कंपन्यांच्या सामाजिक निधीने घेतली आहे. मंडळीत वाचल्या जाणाऱ्या पत्राची जागा चकचकीत वार्षिक अहवालाने. व्याकरण मात्र शंभर वर्षांपूर्वीचेच आहे.

म्हणून सेवेच्या लेखनाला लावायची कसोटी किती दिले ही नव्हे, आणि कोणत्या धर्माने दिले हीही नव्हे. ज्याला दिले, त्याला त्या मजकुरात ‘नको’ म्हणता येते का, ही आहे. मुखपृष्ठावरच्या हसऱ्या मुलाला तो अधिकार नसतो. जामखेडच्या बायकांना तो काही प्रमाणात मिळाला, आणि म्हणूनच तो ग्रंथ मराठी वाचकाने आरोग्याच्या कपाटातून काढून आपल्या वाङ्मयाच्या शेजारी ठेवायला हवा.